वापर शून्य

फुकट हा शब्द माझ्यासमोर कुणी काढला की माझं डोकं सणकतं. घरचे म्हणतात, एवढं चिडायला काय झालं, देणाऱ्यानं दिलं तर घ्यावं आणि गप राहावं. गप राहणं मला जमत नाही. माझं तोंड फाटकं आहे हे लग्नानंतर आठवड्याभरातच सासूबाईंनी जाहीर केलं होतं, आणि आमच्या वस्तीत ते अजून कुणी खोडून काढलेलं नाही. म्हणून हे मीच लिहिते आहे. जिच्यावर गुदरलं ती माझी मोठी जाऊ, आणि तिला लिहिता येत नाही.

किन्हीराजा गावापासून आत, शेतांच्या मधोमध आमची वस्ती. जाऊबाईचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की माझ्याकडे ठसका लागतो. मोठे दीर जाऊन बरीच वर्षं झाली. मागं एकच लेक, ती ऊसतोडीला जाणाऱ्या घरात दिलेली. दिवाळी झाली की पोरगी आणि जावई टोळीबरोबर सांगलीकडे जातात, उन्हाळा लागला की परत येतात. मधले महिने जाऊबाई एकटी.

मागच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीपुढे मांडव टाकून योजनेचं शिबिर लागलं. योजनेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असल्या योजनांची नावं बदलत राहतात, मांडव तोच असतो. विधवा आणि निराधार बायांना बटणांचा छोटा फोन, आत सिम, आणि वर्षभराचं रिचार्ज सरकारकडून. जाऊबाईचा अंगठा यंत्रावर उमटेना. खुरपं धरून धरून रेषा झिजलेल्या. तिथल्या माणसानं तो पुसून पुसून पुन्हा पुन्हा दाबला. सही येते का विचारलं, नाही म्हटल्यावर खाली काहीतरी लिहून घेतलं. मग फोटो. "मावशी, फोन कानाला लावा. बोला, बोला. बोलल्यासारखं करा." जाऊबाई बंद फोन कानाला लावून लाजत हसली आणि तो फोटो झाला.

घरी आल्यावर तिनं फोन जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवला. मी म्हटलं, "जाऊबाई, वापरा न. वर्षभर पाह्यजे तेवढं बोलता येते, फुकट हाय."

"फुकट हाय म्हनून उधळाचं काय? पोरीचं बाळंतपन हाय यंदा. पह्यलं हाय. तवा लागन बोलनं. आतापासून कायले सरवू?"

"ते सरत नाई वं."

"सरत नाई असं काई हाय का जगात?"

हे कळायला आमच्याकडचं बियाणं माहीत पाहिजे. सोयाबीन घरी आलं की सगळ्यात चांगलं, भरलेलं, न फुटलेलं सोयाबीन वेगळं काढून पोत्यात बांधतात. ते घरचं बियाणं. मग घरात काही का अडेना, पाहुणा येवो की आजारपण, पेरणीपर्यंत त्या पोत्याला कुणी हात लावत नाही. जाऊबाईनं त्या बोलण्याला तेच केलं. वर्षभराचं बोलणं बांधून ठेवलं, लेकीच्या बाळंतपणासाठी. हिची ही रीत चुकीची होती असं मला कुणी सांगू नये. ह्याच रीतीवर आमची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या पेरत आली आहे.

फोन फक्त रिंग घेण्यापुरता बाहेर निघायचा. आमच्या भागात मिस कॉलवर निम्मा संसार चालतो. शेतातून एक रिंग आली की भाकर पाठवा. दोन आल्या की मोटार बंद करा. कुणी उचलत नाही, कुणी बोलत नाही, आणि सगळ्यांना सगळं समजतं. दिवाळीत लेक आली तेव्हा जाऊबाईनं तिला नवा नंबर पाठ करायला लावला. पोरगी भांडी घासता घासता तो म्हणत होती, तीन तुकडे करून, पाढे म्हणतात तसा. ठरलं असं: एक रिंग म्हणजे बरी आहे. लागोपाठ दोन म्हणजे मला घ्यायला या.

पोरीकडे स्वतःचा फोन नव्हता. जावयाचा फोन जावयाच्या खिशात. उसाच्या कामाला जोडी लागते, नवरा तोडणार आणि बायको मोळ्या बांधणार. बायको माहेरी गेली की त्याची जोडी मोडते, म्हणून दिवस भरत आले तरी तो तिला सोडायचं नाव काढीत नव्हता. मग ती टोळीतल्या एखाद्या बाईचा फोन घटकाभर मागून चोरून रिंग द्यायची. दुसऱ्याच्या फोनवरून रिंगच द्यायची असते, बोलत बसायचं नसतं, एवढी रीतभात तिला तिच्या आईनंच शिकवलेली.

संध्याकाळी दिवा लागला की जाऊबाई फडकं सोडून फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायची. रिंग आली आणि थांबली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "आली वं!" मी इकडून म्हणायची, "आली काय? बरं झालं." मग तिच्या घरात तवा चढायचा. रोज नाही, पण चार दिवसांआड तरी यायचीच.

मग ती यायची थांबली.

पहिल्यांदा आम्ही म्हटलं, टोळी उसाच्या दुसऱ्या फडावर गेली असेल, तिथं रेंज नसेल. जाऊबाई रोज सकाळी फोन चार्जिंगला लावायची, संध्याकाळी मांडीवर घ्यायची. बटण दाबलं की हिरवा उजेड लागायचा. "चालू तं हाय," ती म्हणायची. उजेड पडतो म्हणजे फोन जिवंत, एवढंच तिला कळत होतं, आणि त्यापलीकडचं तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

एका दुपारी माझ्या मनात पाल चुकचुकली. मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. तोवर तो मी कधीच लावला नव्हता. भिंतीपलीकडच्या बाईला फोन कोण लावतं? हाक मारली की झालं. तर तिकडून एक गोड बाई बोलली, या क्रमांकाची सेवा बंद करण्यात आली आहे. मी पुन्हा लावला. पुन्हा तीच. जाऊबाई समोर उभी होती, हातात हिरवा उजेड पडलेला फोन घेऊन, आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"काय म्हनते वं ती?"

मी सांगितलं. तिनं बटण पुन्हा दाबून पाहिलं. म्हणाली, "अन् पोरीनं रिंग देली असन तं?"

जावयाला फोन लावला. "बरी हाय, कामावर हाय," म्हणाला आणि ठेवला. रिंगा ज्या नंबरवरून यायच्या ते दोन-तीन नंबर जाऊबाईच्या फोनमध्ये होते, ते लावले. एक बंद, एक लागेना, आणि एक बाई म्हणाली की आमची अर्धी टोळी आता वेगळ्या फडावर आहे, तुमची पोरगी तिकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही तालुक्याला, मालेगावला गेलो. योजनेचं मदत केंद्र तिथं एका गाळ्यात आहे. बाहेर हसऱ्या बाईचा मोठा फलक, तिच्या कानाला फोन. आत एक पोरगेलासा साहेब कॉम्प्युटरपुढे. त्यानं नंबर टाकला, बघितलं आणि म्हणाला, "लाभ थांबवलाय, मावशी. वापर शून्य आहे."

"शून्य म्हंजे?" मी विचारलं.

"तीन महिन्यांत एकही कॉल नाही. केलेला नाही, घेतलेला नाही. वापरत नसाल तर सरकारनं पैसे कशाला भरायचे? दुसऱ्या गरजूला देता येतं ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दर चार दिवसाले फोन येत होता हिले. हिच्या लेकीचा."

"उचलला होता?"

"उचलाचा कायले? मिस कॉल होता."

तो हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला. "मिस कॉल धरत नाहीत. त्याची नोंद वापरात होत नाही."

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. एक रिंग म्हणजे काय, दोन म्हणजे काय, आणि त्या एका रिंगेवर ही बाई जेवते, झोपते. ती रिंग म्हणजेच हिचा वापर. याच्याइतका वापर तुमच्या त्या फलकावरची बाई तरी करते का? तो मान हलवत ऐकत होता, गिऱ्हाइकाची कटकट ऐकतात तसा. मग म्हणाला, "पण बंद करण्याआधी आम्ही मेसेज पाठवला होता, ताई. दोन वेळा."

"कोनाले?"

"लाभार्थ्याला. याच नंबरवर."

"हिले वाचता येत नाई."

"आता ते आम्हाला कसं कळणार?"

तेव्हा मी जे बोलले ते सगळं इथं लिहिता येत नाही. लिहिता येण्यासारखं एवढंच, की तुमच्या मांडवात हिचा अंगठा कोणी घेतला? चोळून चोळून, कातडं निघेस्तोवर? सही येत नाही म्हणून तुम्हीच लिहून घेतलं, ते कुठं गेलं? अंगठा घेताना माहीत होतं, मेसेज पाठवताना विसरले? रांगेतली माणसं उठून उभी राहिली. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलते ती बाई." जाऊबाई माझा पदर ओढत होती. "राहू दे वं. साहेबाले म्हना, चालू करून द्या फक्त."

साहेबानं सांगितलं, चालू होईल, पण अर्ज वर जाईल, वरून मंजुरी येईल, वेळ लागेल. "इतकी घाई असेल तर दुसरं सिम घ्या ना. आत्ता देतो मी."

जाऊबाईला तोवर काही विचारलं नव्हतं कुणी. ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "दुसरं घेऊन काय करू बाप्पा? लेकीले हाच पाठ हाय."

त्यानं पुढचा नंबर पुकारला.

त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगलीच्या रस्त्याला लावलं. शेतात तुरी उभ्या होत्या, सोंगायला मजूर ठरले होते, तो कुरकुरला. मी म्हटलं, तूर पुन्हा होईल. तो गेला. विचारत विचारत, या फडावरून त्या फडावर करत टोळी सापडायला त्याला वेळ लागला, आणि तो पोचला तेव्हा सगळं झालेलं होतं. पाचटाच्या झोपडीत, टोळीतल्या एका म्हातारीच्या हातानं. मुलगी होती. रडलीच नाही. त्यांनी तिला तिथंच, कालव्याच्या कडेला पुरलं होतं.

फोन चालू असता तर ती पोर वाचली असती, असं मी म्हणत नाही. डॉक्टर नाही मी. सरकारी दवाखान्यातही पोरं जातात. पण पोरगी आईच्या घरात असती. कळा सुरू झाल्यावर धरायला आईचा हात असता. एवढं मी म्हणते आणि कुणाच्याही तोंडावर म्हणते.

नवरा परत आला तो एकटाच. पोरगी आली नाही. तो ओट्यावर बसून सांगत होता, मान वर न करता. ती झोपडीत पडून होती. त्याला बघून रडली नाही की उठली नाही. म्हणाली, "काका, मायनं फोन बंद करून ठेवला न?"

तो म्हणाला, नाही पोरी, सरकारनं बंद केला.

"फुकटचा फोन सरकार कायले बंद करन? वर्षभराचा हाय म्हनून मायनंच सांगतलं होतं. मी दोन-दोन रिंगा देल्या. किती दिवस देल्या. ती फोनातली बाई म्हने, बंद हाय, बंद हाय." मग म्हणाली, "दिवाळीत माय म्हने, माह्यानं होत नाई आता, माहे गुडघे गेले. मी तवाच समजाले पाह्यजे होतं, माह्यं बाळंतपन नको हाय तिले."

गुडघे गेले, माह्यानं होत नाही, हे आमच्याकडची प्रत्येक बाई चूल पेटवताना म्हणते आणि मग वीस माणसांचा स्वयंपाक करते. तेवढं बोलणं त्या पोरीनं त्या झोपडीत, त्या बंद नंबरला जोडलं. कोण चुकलं? मला तिचा राग येत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच समजले असते. सरकारनं फुकट दिलेली वस्तू, मांडव घालून, फोटो काढून दिलेली, ती वर्ष व्हायच्या आत कुणाला न सांगता काढून घेतात यावर विश्वास ठेवण्यापेक्षा आई बदलली यावर विश्वास ठेवणं तिला सोपं गेलं. मला राग येतो तो ह्याचा.

जाऊबाई सगळं ऐकून घेऊन आत गेली. देवळीतला फोन काढला, फडकं सोडलं, बटण दाबलं. हिरवा उजेड पडला. तिनं तो तसाच धरून ठेवला, उजेड विझेपर्यंत.

मी पुन्हा मालेगावला गेले. पुन्हा पुन्हा गेले. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही, अशी म्हण आहे, आणि माझ्याकडे तर मातीला तोटा नाही. मी त्या गाळ्यात एवढी माती विकली की शेवटी साहेब मला बघितल्याबरोबर वर फोन लावायला लागला. सेवा सुरू झाली. तोच नंबर, तेच सिम. वरातीमागून घोडं निघालं, पण निघालं. साहेब बिचारा खूश होता. म्हणाला, "आता मात्र रोज एखादा कॉल करत जा मावशी. दोन मिनिटं का होईना. वापर दिसला पाहिजे, नाहीतर पुन्हा बंद पडेल."

जाऊबाईनं हे एकदम मनावर घेतलं. पुन्हा बंद पडता कामा नये. लेकीला हाच पाठ आहे.

लेकीला लावला तर लेक उचलत नाही. जावयाच्या फोनवर लावला की तो म्हणतो, कामात हाय. ऊस संपला, टोळ्या परत आल्या, ती सासरी आली आणि सासरीच राहिली. निरोप पाठवले, मी स्वतः जाऊन आले. चहा दिला तिनं मला, पाया पडली. आईचं नाव काढलं की उठून आत गेली.

मग वापर कुणाशी दाखवायचा? माझ्याशी.

रोज संध्याकाळी दिवा लागला की माझा फोन वाजतो. भिंतीच्या त्या बाजूला ती उंबऱ्यात बसलेली, ह्या बाजूला मी चुलीपुढे. सुरुवातीला आम्हाला बोलायला काही सुचायचं नाही. "जेवली काय?" ती विचारायची. "आता तं तुमीच वांग्याची भाजी देली न." "हो न वं." मग दोघी गप्प, फोन कानाला लावून, सरकारनं मोजावं म्हणून. शिबिरातल्या फोटोसारखं, बोलल्यासारखं करत. मला एवढा संताप यायचा की फोन चुलीत घालावा वाटायचा. दिवसभर समोरासमोर असलेल्या दोन बायकांना एकमेकींशी बोलण्याची सोंगं करायला लावतात, आणि याचं नाव मदत.

पण एका संध्याकाळी ती जेवली काय म्हणाली नाही. एकदम म्हणाली, "पोरी, म्या फोन बंद नोता केला वं."

माझं फाटकं तोंड त्या वेळी शिवल्यासारखं झालं.

"म्या जपून ठेवला होता. तुह्या बाळंतपनासाठी ठेवला होता. माहे गुडघे काई गेले नाईत. खोटंच म्हनते मी. तुह्यासाठी डिंक आनून ठेवला होता. अजून डब्यात हाय."

तेव्हापासून रोज तेच. ती फोन लावते आणि बोलते, आणि बांधून ठेवलेलं सगळं बोलणं आता सुटं झालं आहे. मला ते दोनदा ऐकू येतं. एकदा फोनमधून, आणि जरासं आधी भिंतीतून. त्या साहेबाच्या पडद्यावर आता आमचा वापर भरपूर दिसत असेल. मोजा म्हणावं, चांगला मोजा.

बोलता बोलता मधेच ती थांबते आणि विचारते, "ऐकून राह्यली न?"

ती मला विचारत नसते, हे मला कळतं. तरी मी हो म्हणते.